त्रेसष्ट नंबरचा दगड

धुळाभाई पढियारने आयुष्यात एकच चोरी केली, आणि तीसुद्धा दगडाची.

बाकी माणूस असा सरळ की लोक त्याला हसायचे. बत्तीस वर्षं मालोद-टिंबी लाईनवर चावीवाला होता. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकायचा, नऊ किलोमीटर जायचं, नऊ यायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झालेल्या दिसल्या की ठोकायच्या. संध्याकाळी रणापोर स्टेशनच्या मास्तरापुढे उभं राहून दोनच शब्द बोलायचे, "लाईन बराबर." मास्तर ते वहीत उतरवून घ्यायचा. आजवर कुणी मागे जाऊन तपासलं नाही. धुळाभाई बराबर म्हणाला, म्हणजे बराबर. त्या दोन शब्दांवर बापूगाडी, म्हणजे इथली अरुंद रुळांची गाडी, चालायची.

आणि गाडी तरी कसली! डबे पाच, रूळ वीतभर अंतरावर, फाटक आलं की गाडी थांबायची, खलाशी उतरून फाटक लावायचा, गाडी सरकून पुन्हा थांबायची, मग गार्ड उतरून फाटक उघडायचा. एखादी बाई दुरून शेतातून हात करत पळत येताना दिसली तर ड्रायव्हर बिडी पेटवून वाट बघायचा. अशा गाडीने कुणाचं पोट भरणार? बंद झाली. मग रूळ लिलावात गेले, स्लीपर गेले, खडी रणापोरच्या लोकांनी आपापल्या अंगणात नेऊन पसरली. भरावाची माती वीटभट्टीवाल्यांनी उचलली. स्टेशनचं छप्परसुद्धा कुणाच्या गोठ्यावर गेलं. उरले फक्त हद्दीचे दगड. लाईनच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, एकाच नंबरचे, साठ फुटांच्या अंतराने. दर दिवाळीच्या आधी धुळाभाई त्यांना चुना लावायचा आणि नंबर काळ्या रंगाने गिरवायचा. नोकरी संपली तरी दोन वर्षं पदरच्या चुन्याने लावत होता, तेव्हा त्याचे मुलगे म्हणाले, "बापुजी, आता पुरे, लोक वेडा म्हणतात."

तर चोरी.

धुळाभाईची मुलगी कपिला. नवरा ट्रॅक्टरखाली गेला, सासरच्यांनी तेराव्याचं जेवण होताच दोन पोरींसकट तिला घालवून दिली. धुळाभाईच्या गावातल्या घरात आधीच दोन सुना, तिथे तिसरीला पाट कोण मांडणार? स्टेशनजवळ लाईनच्या पूर्वेला धुळाभाईचा एक जमिनीचा तुकडा होता, पण चिंचोळा. त्यावर एक खोली आणि ओसरी मावत होती, पिठाची गिरणी मावत नव्हती. आणि गिरणीशिवाय कपिला खाणार काय? शेवटी एका जेठातल्या दुपारी, चिमणीसुद्धा झाडाबाहेर पडत नव्हती अशा वेळी, धुळाभाई पहार घेऊन गेला आणि पूर्वेचा त्रेसष्ट नंबरचा दगड उपटून लाईनच्या बाजूला पंधरा फूट आत रोवला. दगडाच्या जुन्या खड्ड्यावर स्वतःच्या हाताने गिरणीचा पाया भरला. कपिला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिथे तेव्हा ना गाडी होती ना रूळ. नुसत्या बोरी-बाभळी. रेल्वे काय त्या पंधरा फुटांत कांदे लावणार होती? आपला तो बाब्या असतोच प्रत्येकाला. धुळाभाईची कपिला होती.

आणि समोर, लाईनच्या पश्चिमेला, छीतुभाईचं घर.

छीतुभाई रणापोरचा सांधेवाला, गाडीसाठी रूळ बदलून देणारा. म्हणजे धुळाभाई लाईनवर आणि हा स्टेशनात. एका डब्यातलं लोणचं दोघांनी तीस वर्षं खाल्लेलं. निवृत्त झाल्यावर हातात आलेले सगळे पैसे घालून त्याने शेतकऱ्याकडून रीतसर जमीन घेतली आणि पक्कं घर बांधलं. बांधायच्या आधी धुळाभाईला बोलावलं होतं.

"धुळा, माझ्या बाजूचा त्रेसष्ट दाखव. उगाच नंतर झंझट नको."

धुळाभाईने झुडपं बाजूला करून पश्चिमेचा दगड दाखवला. छीतुभाईने त्याच्यापासून दोन हात सोडून भिंत घेतली. "बघ," तो बायकोला म्हणाला, "सरकारची एक ठिकरीसुद्धा आपल्या घरात नाही." रईबेन म्हणाली, "एवढी अक्कल लग्नात दाखवली असती तर तुझ्या बापाने माझ्या बापाकडून बैल तरी चांगला आणला असता."

असं सगळं ठीक चाललं होतं. मग चिंतनमास्तर आला.

चिंतन बडोद्याच्या शाळेत इतिहास शिकवणारा. पस्तिशीतच टक्कल पडलेला, स्वभावाने गरीब. त्याला एकच नाद, बंद पडलेल्या लाईनी शोधायच्या. रविवारी मोटारसायकल काढायची, बाभळींमधून हिंडायचं, कुठे पूल आहे, कुठे पाण्याची टाकी आहे ते लिहायचं, फोटो काढायचे, नकाशा करायचा. कुणीतरी सांगितलं की रणापोरचा चावीवाला जिवंत आहे. झालं! पोरगं गुळाच्या ढेपेला मुंगळा लागावा तसं धुळाभाईला चिकटलं.

आणि धुळाभाईला तरी काय हवं होतं? सात वर्षांत त्याला लाईनबद्दल एक शब्द कुणी विचारला नव्हता. त्याने पेटीतून जुना खाकी सदरा काढला. सहा रविवार तो चिंतनला घेऊन चालला. इथे इंजिन पाणी प्यायचं. या मोरीत एकदा अजगर निघाला, गाडी दोन तास उभी, सगळी उतारू मंडळी अजगर बघायला. हा चौपन्न नंबरचा दगड, हा पंचावन्न.

"काका, हे सगळं पाठ कसं केलंत?"

"तुला तुझ्या बायकोचं नाव पाठ करावं लागलं होतं का?"

चिंतन हसायचा आणि फोन पुढे धरायचा. धुळाभाईचं सगळं बोलणं तो त्या फोनमध्ये साठवत होता. कपिलाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बापुजी, हिंडा, पण त्रेसष्टपर्यंत आणू नका त्याला." धुळाभाई म्हणाला होता, "अगं तो इतिहासवाला आहे, तलाठी नाही."

सहाव्या रविवारी त्रेसष्ट आला. आणायचा नव्हता, पण बासष्टनंतर चौसष्ट कसा दाखवणार? शिवाय बासष्ट कुणाच्या तरी विहिरीवर धुण्याचा दगड होऊन बसला होता आणि चौसष्ट कोतराने, म्हणजे शेजारच्या ओढ्याच्या घळीने, गिळला होता. वळणावरच्या त्या टप्प्यात जागेवर उभा असा एकच नंबर, त्रेसष्ट. चिंतनला आनंदाने काय करू नि काय नको झालं. त्याने टेप लावली. पूर्वेच्या दगडापासून पश्चिमेच्या दगडापर्यंत.

"काका, इथे पंचेचाळीसच भरतं. सगळीकडे तर साठ आहे."

गिरणीचा पट्टा फटफटत होता, तो थांबला. कपिला दारात येऊन उभी राहिली, भुवयांपर्यंत पीठ. समोर छीतुभाई खाटेवर बसून तूर निवडत होता. धुळाभाईने नुसतं माहीत नाही म्हणावं, एवढंच करायचं होतं हो! पण बत्तीस वर्षांत दगडांबद्दल माहीत नाही असं त्याने कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्यातून हा पोरगा तोंडाकडे बघत उभा. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"पश्चिमेचा दगड सरकलाय. पुराच्या साली कोतर इथवर आलं होतं, तेव्हा पडला. गँगवाल्यांनी उचलून पंधरा फूट आत रोवला, गाढवांनी. पूर्वेचा जागचा हललेला नाही. मी माझ्या हाताने चुना लावलाय त्याला."

"असं?" छीतुभाई खाटेवरून ओरडला. "म्हणजे मी इतकी वर्षं रेल्वेच्या जमिनीत झोपतोय की काय रे? बरं झालं, भाडं मागायला कुणी आलं नाही!"

सगळे हसले. धुळाभाईही हसला. चिंतनने वहीत लिहून घेतलं. कपिलाने गिरणी पुन्हा चालू केली.

तो नकाशा चिंतनने संगणकावर सगळ्यांना बघता येईल असा टाकला. सुंदर केला होता म्हणे. प्रत्येक दगड, प्रत्येक मोरी, आणि खाली नाव, माहिती देणारे धुळाभाई पढियार, चावीवाला. त्याची छापील प्रत त्याने धुळाभाईला आणून दिली. धाकट्या सुनेने ती देवाच्या फोटोशेजारी लावली.

आठ महिन्यांनी लाईनच्या जागेवरून रस्ता काढायचं ठरलं. मोजणीवाले आले. जुने कागद कुठे आहेत? त्या टप्प्याचे कागद वाळवीने खाल्लेले. मग मोजायचं कशावरून? कुणीतरी हुशार माणसाने चिंतनचा नकाशा शोधून काढला. साठ फूट रुंदी, पूर्वेचा दगड पक्का, पश्चिमेचा पुरात सरकलेला, खुद्द चावीवाल्याची साक्ष. आणखी काय पाहिजे? छीतुभाईच्या घराच्या बरोबर मधून, पुढच्या खोलीतून, देवळीच्या खालून त्यांनी लाल रंगाची रेघ ओढली. पंधरा दिवसांत हरकत असेल तर कळवा, नाहीतर रेघेच्या आतलं सगळं पाडणार.

माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो म्हणतात. धुळाभाईने तो दुसऱ्याच्या छपरावर पाडला होता.

छीतुभाई त्याच दिवशी आला. चिडलेला नव्हता, तेच वाईट. "धुळा, तू बोललास ते खरंच असणार, दगडांचं तुझ्याइतकं कुणाला कळतं? पण मी जाणूनबुजून बांधलं नाही एवढं तरी सांगशील ना साहेबांना? तूच दाखवला होतास दगड. तेव्हा तुलाही पुराचं आठवलं नसेल. चूक होते माणसाची."

"हो," धुळाभाई म्हणाला.

तो निघून गेल्यावर धुळाभाई गिरणीवर गेला. कपिला चाळणी झटकत होती.

"मी जाऊन खरं सांगतो," तो म्हणाला.

"सांगा." तिने मान वर केली नाही. "आणि मग मी दोन पोरी घेऊन कुठे जाऊ तेही सांगा. वहिनींच्या चुलीपाशी? छीतुकाकांना सुरतेला दोन कमावते मुलगे आहेत. मला कोण आहे? तुम्ही आहात. किती वर्षं आहात?"

"पण घर त्याचं आहे, कपिला. त्याचं खरं आहे."

"मला माहीत नाही का? रोज समोर बसलेली असते मी! रईकाकी माझ्या धाकटीच्या केसांना तेल लावते." आणि ती रडायला लागली, पीठ भरल्या हातांनी डोळे पुसत. "तुम्ही त्या दिवशी नुसतं माहीत नाही म्हणाला असतात तर काय तुमची नोकरी जात होती?"

धुळाभाई घरी आला. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. तो सकाळी उठायचा, सदरा चढवायचा, बसथांब्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. एकीकडे मुलगी, दुसरीकडे मित्र. जेवण सुटलं. सुनांना वाटलं पोट बिघडलंय, त्यांनी ओव्याचं पाणी दिलं. रोज लाल रेघेवरून छीतुभाई हाक मारायचा, "ये रे, चहा पी, घर आहे तोवर!" आणि स्वतःच हसायचा.

बाराव्या दिवशी धुळाभाई बसमध्ये चढला. कपिलाला सांगून गेला. ती एवढंच म्हणाली, "डबा घेऊन जा, उशीर होईल."

तालुक्याला जमिनीच्या कचेरीत सुनावणी होती. एक बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा, दमलेल्या पण बोलायला चांगल्या. छीतुभाई होता. चिंतनलाही बोलावलं होतं, तो कोपऱ्यात वही छातीशी धरून उभा. धुळाभाईने उभं राहून सगळं सांगितलं. दगड मी हलवला. पूर्वेचा. पहारीने. माझ्या मुलीसाठी. पश्चिमेचा जागेवर आहे, छीतुभाईच्या घरात रेल्वेची एक ठिकरी नाही. पुराचं मी खोटं बोललो.

बाईंनी चष्मा काढला. "काका, म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे यांचं घर वाचवायचं आणि तुमच्या मुलीचं पाडायचं?"

"हो."

"तुम्ही किती वर्षांचे मित्र?"

"बेचाळीस."

त्यांनी चिंतनला खूण केली. त्याच्या फोनमध्ये ते सगळं होतंच. त्याने कानकोंडा होऊन ते लावलं, आणि कचेरीत धुळाभाईचाच आवाज घुमला, खणखणीत, एकदाही न अडखळता. पश्चिमेचा दगड सरकलाय. पूर्वेचा जागचा हललेला नाही. मी माझ्या हाताने चुना लावलाय त्याला. मागून गिरणीचा आवाज नाही, कपिलाने थांबवली होती ना. धुळाभाईला वाटलं, हातोडा असता तर तो फोन ठेचला असता.

"हे तुम्हीच ना?"

"मीच. खोटं बोलत होतो तेव्हा."

"तेव्हा रस्ता नव्हता, नोटीस नव्हती. खोटं बोलायचं कारण काय होतं तुम्हाला?" बाई हळू आवाजात बोलत होत्या. "आता कारण आहे. मित्राचं घर जातंय."

"खणून बघा!" धुळाभाई टेबलापर्यंत गेला. "जुना खड्डा आहे. आत विटांचे तुकडे आणि चुना आहे, आमची पद्धतच होती ती. गिरणीच्या पायाखाली आहे."

"गिरणी पाडावी लागेल त्यासाठी."

"पाडा!"

"घर पाडायचं की नाही हे ठरवायला आधी घर पाडू? काका, मला असं करता येत नाही. उद्या तुमची मुलगी येऊन विचारेल, कुणाच्या सांगण्यावरून पाडलंत?"

चिंतन मधेच बोलला, "बाई, मी नकाशा दुरुस्त करतो. आजच करतो."

"आज केलेली दुरुस्ती आजच्या तारखेची, मास्तर." त्यांनी कागद फायलीत लावला आणि धुळाभाईकडे बघून हात जोडले. "वीस वर्षं या खुर्चीत बसतेय. दुसऱ्याची जमीन हडपायला खोटं बोलणारे रोज येतात. मित्रासाठी पोटच्या पोरीचं घर द्यायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला. तुमच्यावर खोट्या साक्षीचा खटला भरायचा नाही, असं मी लिहिते."

बत्तीस वर्षं त्याने बराबर म्हटलं ते कुणी न बघता लिहून घेतलं. आज एकदा बराबर नाही म्हणाला, तर ऐकून घेणारं कुणी नव्हतं. तो तिथेच उभा राहिला. शिपायाने दंडाला धरून हळूच बाहेर आणलं.

बाहेर पायऱ्यांवर छीतुभाईने त्याला मिठी मारली. भर बाजारात, सत्तरीचा माणूस, हुंदके देऊन रडत होता. "वेड्या! अरे वेड्या! पोरीचं घर देत होतास?"

"छीतु, ऐक. मी आत खरं बोललो. दगड मी..."

"बस झालं."

"शपथ घेतो. पोरींची शपथ..."

छीतुभाईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "पोरींची खोटी शपथ माझ्या घरासाठी? मग माझं तोंड मी कुणाला दाखवू? साहेबांपुढे बोललास ते बोललास. माझ्यापुढे पुन्हा काढशील तर बेचाळीस वर्षं विसरून जाईन." आणि त्याने चहा मागवला, गाठिया मागवल्या, आणि सगळं धुळाभाईच्या पुढ्यात सारलं.

छीतुभाईचं घर पाडलं त्या दिवशी फार वेळ लागला नाही. पुढची खोली पाडायची होती, पण भिंत खेचली तशी मागचीही खाली आली. मुलगे सुरतेहून आले, कपाट आणि पंखे घेऊन गेले. आई-बापांना चला म्हणाले, पण तिथे एका खोलीत सहा माणसं, आणि छीतुभाईला रणापोर सोडवेना. तेव्हा कपिला लाईनची जागा ओलांडून गेली. "काकी, आमची ओसरी रिकामी आहे. मागे पत्रा टाकून घेऊ." रईबेनने तिला पोटाशी धरलं. कपिलाचा चेहरा धुळाभाईला दिसत होता. असा चेहरा तिने नवरा गेला तेव्हाही केला नव्हता.

संध्याकाळी ओसरीवर नवी चूल मांडली. रईबेनने पहिल्यांदा तिथे बाजरीचे रोटले थापले. धुळाभाई जायला निघाला होता, छीतुभाईने हाताला धरून खाली बसवला. आजूबाजूचे चार लोक आले होते, त्यांच्यादेखत रईबेनने पहिला रोटला धुळाभाईच्या ताटात ठेवला, वर लोण्याचा गोळा.

"आधी याला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझ्या आईने मला भाऊ दिला नाही. मला म्हातारपणी मिळाला."

लोक वाहवा म्हणाले. धुळाभाई ताटाकडे बघत राहिला. हात उचलत नव्हता. कपिला ताकाचा पेला घेऊन त्याच्यापाशी वाकली.

"जेवा, बापुजी," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "नाही जेवलात तर का म्हणून विचारतील."

त्याने रोटला मोडला. तो शेवटच्या तुकड्यापर्यंत संपेस्तोवर रईबेन समोर बसून पदराने वारा घालत होती.